चौसष्ट सालची वीट

१

सात नंबरच्या भिंतीतून वीट निघाली मंगळवारी, आणि बुधवारच्या नोटिशीत देवीदास गजभिये खोटारडा ठरला. मध्ये एक दिवससुद्धा गेला नाही. एरवी याच कार्यालयाला साध्या अर्जाची पोच द्यायला तीन महिने लागतात.

गुरुवारी सकाळी देवीदासभाऊ ती नोटीस घडी करून खिशात घालून गुढियारीहून ब्राह्मणपाऱ्यापर्यंत चालत आले. शहात्तरीचा माणूस, पाठ अजून ताठ, पण त्या दिवशी शारदाबाईंच्या दारातल्या पायरीवरच बसला. शारदाबाईंनी पाणी दिलं आणि उभ्या उभ्या नोटीस वाचली. वाचता वाचता त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तशी ती लवकरच जायची. रेल्वेच्या ड्रॉइंग ऑफिसात चौतीस वर्षं नकाशे काढलेली बाई. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी एक रेघ वाकडी दिसली की त्यांना सहन होत नसे, आणि इथं तर अख्खा कागदच वाकडा होता.

भानगड अशी होती. गुढियारीत रेल्वेनं १९११ साली खलाशांसाठी, म्हणजे रुळांवरच्या हलक्या कामगारांसाठी, बारा घरांची एक लाईन बांधली. पुढे रेल्वेनं ती सोडली, राहणाऱ्यांनी आपापली घरं विकत घेतली आणि हळूहळू अकरा घरं पडली. उरलं सात नंबर. मग नवं राज्य झालं, रायपूर राजधानी झालं, राजधानीला इतिहास पाहिजे म्हणून वारसा यादी निघाली, आणि त्या यादीत राजवाडे-देवळांच्या शेपटाला कामगाराचं एकुलतं एक घर चढलं. मोजमापं शारदाबाईंनी घेतली होती. जबानी देवीदासभाऊंची होती: वडील लहानू या लाईनच्या बांधकामावर विटा वाहत होते, मग तिथंच खलाशी म्हणून राहिले, आणि भिंतींना तेव्हापासून कुणी हात लावलेला नाही.

आता कुणीतरी निनावी तक्रार केली. भिंत फोडली तर १९६४चा शिक्का असलेली वीट निघाली. म्हणजे म्हणे घर १९६४ साली नव्यानं बांधलं, तेव्हा रेल्वेत मिस्त्री असलेल्या देवीदासनंच बांधलं, आणि सरकारला खोटी जबानी दिली. शनिवारी अकरा वाजता जागेवर सुनावणी. यादीतून नाव कटलं की घर रुंद होणाऱ्या रस्त्यात जाणार.

"बाई, घर जाते तं जाऊ द्या," देवीदासभाऊ म्हणाले. "पण मी खोटा बोललो म्हून गेलं, असं नोको. जिंदगीत कधी एक खिळा घरी आणला नाही मी रेल्वेचा. आता या वयात माह्या नावासमोर 'असत्य' लिहून ठेवलं त्यायनं."

"भिंत तुम्ही बांधली नाही ना? मला स्पष्ट सांगा."

"तुम्ही बी विचारता?"

शारदाबाईंनी चपला पायात सरकवल्या. नोटिशीवर ज्यानं सही केली त्याला आधी गाठायचं होतं.

२

सात नंबर बाहेरून डोळ्यांत भरण्यासारखं नाही. एकामागे एक तीन खोल्या, त्यांच्या कडेनं मागपर्यंत जाणारा आतला बोळ, समोर पडवी, वर कवेलूंचं छप्पर. पण पडवीचे खांब म्हणजे उभे पुरलेले जुने रूळ. भिंत दीड विटेची, चुना आणि विटांच्या भुकटीत, म्हणजे सुरखीत, बसवलेली. दारांवर वाऱ्यासाठी गोल झरोके. आणि एकेकाळी शेजारच्या घराला लागून असलेल्या भिंतीत एक आरपार कोनाडा: दिवा एक, उजेड दोन घरांत. कुण्या साहेबानं खलाशांच्या तेलात बचत करून दाखवली होती. तो कोनाडा पाहिला की शारदाबाईंना दरवेळी राग यायचा, आणि दरवेळी तो पुन्हा एकदा मोजावासाही वाटायचा.

वारसा कक्षाचा अधिकारी सुशील मागच्या खोलीत, म्हणजे स्वयंपाकघरात वाट पाहत होता. तिशीचा पोरगा. आई वर्ध्याची, मराठी सगळं कळायचं, पण उत्तर हिंदीतच द्यायचा.

"आंटीजी, बुरा मुझे भी लग रहा है," तो म्हणाला.

"वाईट नंतर वाटून घे. वीट दाखव."

त्यानं पिशवीतून वीट काढली. वरच्या खाचेत १९६४ असा ठसठशीत शिक्का. आणि खोलीकडच्या तोंडावर गिलाव्याचा तुकडा, त्यावर वर्षानुवर्षांच्या चुन्याचे थर, भाकरीएवढे जाड, सगळं एकसंध चिकटलेलं. सुशीलनं कडेवर ओलं बोट फिरवलं तसे रंग उघडे झाले.

"देखिए. नीचे सफ़ेद, ऊपर नीला. अब इस छेद के बाजू की दीवार देखिए. वहाँ भी नीचे सफ़ेद, ऊपर नीला. ईंट बाद में घुसाई होती तो उस पर ताज़ा चूना होता, पुरानी परतें नहीं. मतलब ईंट और दीवार एक उमर की हैं. ईंट चौंसठ की, तो दीवार चौंसठ की."

शारदाबाईंनी भोकाच्या कडा पाहिल्या. खाली पांढरे थर, वर निळे थर, आणि दर थराच्या मध्ये काळपट रेघ. ती चुलीच्या धुराची. सवयीनं त्यांनी सगळं वहीत उतरवून घेतलं. पोरगा बरोबर बोलत होता. चुकीचं बोलला असता तर त्याला तिथंच सोलून काढला असता, पण तर्काला कुठं भोक सापडेना, आणि त्यानं त्या जास्तच भडकल्या.

"पडवीचे रूळ पाहिले? त्यांवर साल आहे."

"रूळ तो कबाड़ में भी मिलते हैं, आंटीजी."

"मला आंटीजी म्हणू नकोस. तक्रारीत काय लिहिलं होतं ते वाच."

सुशीलनं कागद काढला. "रसोई की खिड़की के नीचे, तीसरी कतार, बाएँ से पाँचवीं ईंट निकालकर देखें."

"डावीकडून पाचवी. गिलाव्याच्या आतली वीट त्याला बाहेरून दिसली?"

सुशीलनं कागद पुन्हा वाचला. शिक्का तर विटेच्या वरच्या अंगाला, दोन विटांच्या मध्ये दबलेला. भिंतीत असताना तो कुणाला दिसणंच शक्य नव्हतं. "हो सकता है किसी मज़दूर को पता हो, जिसने चौंसठ में बनाई," तो शेवटी म्हणाला.

"ज्यानं लिहिलं त्यानंच ठेवली."

"साबित कीजिए, मैडम. शनिवार तक." त्यानं विटेवरच्या थरांचा एक पोपडा काढून कागदात बांधून त्यांच्या हातात दिला. तेवढी माणुसकी त्याच्यात होती.

३

भिंतीत वीट घालून वरून चुना बेमालूम बसवणारा हात त्या पाऱ्यात, त्या मोहल्ल्यात, एकाचाच. श्यामराव पुताईवाला. सात नंबरच्या मागच्या बाजूला त्याचं घर, दारात चुन्याचे माठ. शिवाय सात नंबर पडलं तर त्याचं घर थेट नव्या रस्त्यावर येणार होतं. शारदाबाईंनी हे त्याच्या तोंडावरच सांगितलं.

"फायदा आहे. नाही काहून म्हनू?" श्यामराव माठात काठी फिरवत म्हणाला. "रस्त्यावर दुकान होईन माह्यं. पण म्हून मी देवीदासभाऊच्या घरात वीट कोंबीन? चुना येते मले, म्हून चोर काय मी?"

"चौसष्टच्या शिक्क्याची वीट ओळखतोस?"

"ते मालधक्क्याची आहे. जुनी शेड पाडली ना स्टेशनामांगं, ढीग पडला आहे तिथं. कोनी बी उचलून आनते. म्या बी आनल्या शंभरेक, पाहा, हे ओटा बांधला."

ओट्यात खरंच तसल्याच विटा होत्या. लपवायचं असतं तर माणसानं असा ओटा दारात बांधला असता का, हा प्रश्न होता. आणि निर्ढावलेल्या माणसानं बांधलाही असता, हेही खरं होतं.

"त्यांच्या घराची चावी तुझ्याकडे असते म्हणतात."

"दसऱ्याले. दरवर्षी ते दीक्षाभूमीले जातेत नागपूरले, तीन दिवस. कोंबड्यायले दाने टाकाले चावी देतेत. पंधरा वर्षं झाली. समोरच्या दाराची देतेत, तेवढीच."

"म्हणजे तीन दिवस रिकामं घर आणि चावी तुझ्या हातात. आणि तुला चुना लावता येतो."

श्यामरावनं काठी माठात आपटली. "बाई, तुम्ही त्या आफिसवाल्यासारख्याच. गरीब दिसला का धरा. मी नाही म्हनून राहिलो ना." मग आवाज खाली आणून, पण राग तसाच ठेवून तो म्हणाला, "आन या वर्षी घर रिकामं कुठं होतं? म्हातारा-म्हातारी गेली. पोट्टा मांगंच होता."

४

प्रशिक, देवीदासभाऊंचा एकुलता मुलगा, सिलतऱ्याच्या स्पंज आयर्नच्या कारखान्यात होता. वय अडतीस. तो पाळीवरून यायचा होता, म्हणून शारदाबाई स्वयंपाकघरात त्याच्या आईजवळ, सरलावहिनींजवळ बसल्या.

सरलावहिनींचे गुडघे गेलेले. बोलता बोलता त्या उठल्या, काठी घेतली आणि मागचं अंगण ओलांडून कोपऱ्यातल्या संडासाकडे निघाल्या. अंगण उंचसखल, मध्ये नाली. जायला-यायला त्यांना पाव तास लागला. शारदाबाई दारात उभ्या राहून पाहत होत्या.

"आत का नाही बांधून घेत, वहिनी?"

"दोनदा अर्ज केला, ताई. प्रशिकनं केला. नाही म्हनते आफिस. यादीत आहे म्हनते घर, मूळ नकाशात बदल चालत नाही." सरलावहिनींनी घाम पुसला. "पावसात पडली मी तिथं. हे मनगट तेव्हाचंच."

मूळ रचनेत कोणताही बदल करू नये. ही ओळ शारदाबाईंनीच लिहिली होती, नकाशाच्या तळाशी, सुंदर अक्षरात. ती आठवून त्यांनी मान खाली घातली. त्यांचा राग आता कुणावर काढावा हे त्यांना कळेना.

प्रशिक आला तो काळवंडलेल्या कपड्यांतच. शारदाबाईंना पाहून त्याच्या कपाळाला आठी पडली.

"दसऱ्याला तू नागपूरला का गेला नाहीस?"

"ड्यूटी थी. डबल शिफ्ट."

"तीनही दिवस?"

"दो दिन. तीसरे दिन सोया."

"घरात कुणी आलं होतं? काही आवाज?"

"मैं अपने कमरे में था. बीच वाला मेरा है, ताला भी मेरा. बाहर क्या हुआ मुझे नहीं पता." त्यानं बूट काढले. "लोग हँसते हैं प्लांट में. म्यूजियम में रहता है बोलते हैं. मुझे इस दीवार से कोई लेना-देना नहीं."

शारदाबाईंनी कागदातला पोपडा त्याच्यासमोर धरला. "हा पांढरा आणि हा निळा. हे कसं होतं तुमच्याकडे?"

प्रशिकनं खांदे उडवले. "नीचे अस्तर, ऊपर रंग. जैसे सब जगह होता है. पहले सफ़ेद मारो, फिर नीला. बचपन से नीला ही देखा है मैंने."

सरलावहिनी चहा गाळत होत्या. त्यांचा हात मध्येच थांबला. त्यांनी मुलाकडे पाहिलं आणि पुन्हा चहा गाळू लागल्या.

५

शुक्रवारी सकाळी देवीदासभाऊ पडवीत बसले होते. शारदाबाईंनी त्यांना प्रशिकचंच वाक्य विचारलं: तुम्ही आधी पांढऱ्याचं अस्तर देता आणि मग निळा लावता का?

म्हातारा ताडकन उठला.

"कोन म्हनते? अस्तर? बाई, तुमाले मालूम नाही, म्हून सांगतो. आतून पोतायचं काम रेल्वेचं नव्हतं, आमचं आम्हीच करत होतो, दर वर्षी, एक हात. पहिले पांढराच होता. छप्पन सालच्या दसऱ्याले बाबा आन मी नागपूरले गेलो. लाखो मानूस. दीक्षा घेतली. परत आलो तं बाबानं बादलीतल्या चुन्यात नीळ घोळली आन म्हनले, आजपासून हा रंग. बाबा कुचा मारून राहिले होते आन रडून राहिले होते. तवापासून सत्तेचाळीस वर्षं झाली, एक वर्ष सुटलं नाही. पांढरा चुना त्या दिसापासून या घराच्या भिंतीले लागला नाही. बाबा मेले त्या वर्षी बी निळाच. अस्तर म्हनते."

"लाईनीत आणखी कुणाकडे निळा होता?"

"आमचं एकच घर. बाकीचे दुसऱ्या समाजाचे होते."

शारदाबाई त्यांच्या शेजारी बसल्या. त्यांनी पोपडा काढला, बोट ओलं करून कडेवर फिरवलं. खाली पांढरे थर, एक नाही, पुष्कळ. वर निळे.

सुशीलचा तर्क त्यांनी पुन्हा पहिल्यापासून मांडला. या विटेवर पांढरे थर आहेत. पांढरा चुना या घरात छप्पननंतर आलाच नाही. मग चौसष्ट साली तयार झालेल्या विटेच्या तोंडावर पांढरा चुना लावला कोणी? घर चौसष्टचं असतं तर भिंतीवर नुसते निळे थर असते. पांढरे आहेत, याचा अर्थ भिंत छप्पनच्या आधीची. आणि पांढरे इतके, की ती खूपच आधीची. भिंत खरी, देवीदासभाऊ खरे. खोटी फक्त वीट.

"भाऊ, तुम्ही सुटलात," त्या म्हणाल्या, आणि त्यांना रडू आलं. ते लपवायला त्यांनी पुन्हा पोपड्यात डोकं घातलं.

आणि तिथंच त्यांना दुसरी गोष्ट दिसली. थर जुने होते, अगदी अस्सल. कुणी बसून रंगवलेले नव्हते. एवढे थर दोन दिवसांत चढतच नाहीत. म्हणजे दुसरीकडची अख्खी खपली गिलाव्यासकट काढून विटेच्या तोंडावर चिकटवली होती. पण स्वयंपाकघराच्या भिंतीत दर थराआड धुराची काळी रेघ होती, वहीत लिहिलेली. या पोपड्यात एकही काळी रेघ नव्हती.

खपली याच घराची, कारण पांढऱ्यावर निळा दुसरीकडे नाहीच. पण जिथं कधी चूल पेटली नाही अशा खोलीची.

६

अशा खोल्या दोन. समोरच्या खोलीच्या भिंती उघड्या. एक खिळा ठोकला तरी येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल. शारदाबाईंनी त्या चारही बाजूंनी हात फिरवून पाहिल्या. कुठं टवका नव्हता.

मधल्या खोलीला कुलूप होतं; दाराच्या फटीतून भिंतीला लावलेलं लोखंडी कपाट तेवढं दिसत होतं. प्रशिक चार वाजता आला. देवीदासभाऊ आणि सरलावहिनी दवाखान्यात गेले होते.

"खोली उघड," शारदाबाई म्हणाल्या.

"काहून?" हिंदी सोडून तो पहिल्यांदाच मराठीत बोलला.

"लोखंडी कपाट सरकवायचं आहे. मागे भिंतीला वीटभर जागा उघडी असेल. नसली तर मी तुझी माफी मागेन, तुझ्या प्लांटच्या गेटवर येऊन मागेन."

प्रशिकनं कुलूप काढलं. कपाटाला हात लावला नाही. खाटेवर बसला आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं.

"सरकवू नका," तो म्हणाला. "आहे तिथं."

शारदाबाईंचा पारा चढला. "लाज वाटली नाही? स्वतःच्या बापाला सरकारी कागदावर खोटारडा केलंस."

"मी बाबाचं नाव नाही लिहिलं. घर नवं आहे, एवढंच लिहिलं. बाबाले खोटा त्यायनं म्हटलं, मी नाही." त्यानं मान वर केली. त्याचे डोळे लाल होते, पण आवाज तडकलेला. "आन लाज मले विचारता? तुम्ही पेन्सिल घेऊन आल्या, चार दिवस मोजलं, वाहवा घेतली आन ब्राह्मणपाऱ्यात गेल्या. तुमच्या घरात संडास आत आहे ना? माह्यी माय अडुसष्ट वर्षांची, पावसात नालीत पडली. दोनदा अर्ज दिला. तुमच्या नकाशाची झेरॉक्स लावून परत पाठवला. मूळ रचना. अरे, खलाशाले संडास नाही दिला हे तुमची मूळ रचना, आन ते आम्ही सांभाळाची? घर यादीतून निघालं असतं, तं पुनर्वसनाचा फ्लॅट भेटला असता. नळ आत, संडास आत. माय मरायच्या आधी."

पोरगा दोषी होता आणि त्याचा शब्द न् शब्द खरा होता. असला राग त्यांनी आयुष्यात केला नव्हता: निम्मा त्याच्यावर, निम्मा स्वतःच्या अक्षरावर.

"बापाला विचारलं असतंस," त्या एवढंच म्हणाल्या.

"बाबा ते भिंत सोडनार होते? त्या भिंतीवर त्यायचा जीव आहे."

"मग ऐक. उद्या अकरा वाजता तू स्वतः सांगशील. मी तोंड उघडणार नाही. पण तू सांगशील."

प्रशिकनं मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नुसतीच, ते शारदाबाईंना कळलं नाही.

७

शनिवारी सुनावणी सुरू व्हायच्या आधी शारदाबाईंनी सुशीलच्या हातात एक अर्ज कोंबला. मूळ नकाशावरची बदल न करण्याची अट मी घातली, ती मूर्खपणाची होती, घरात संडास बांधायची परवानगी आजच्या आज द्यावी, खाली सही. सुशीलनं वाचून मान डोलावली. "ये हो जाएगा, मैडम. अंदर का काम है, मेरे ही दस्तख़त लगेंगे." दोन अर्ज परत पाठवताना ही सही कुठं गेली होती, हे त्यांनी चारचौघांत विचारलं, तेव्हा तो खाली पाहू लागला.

मग त्यांनी विटेचं मांडलं. छप्पन सालचा दसरा, पांढरे थर, निळे थर, चौसष्टचा शिक्का. नंतर धुराची रेघ, आणि रेघ नसलेली खपली. स्वयंपाकघरात शेजारपाजारचे दहाएक लोक दाटले होते. श्यामराव दारात होता. प्रशिक आईच्या मागे भिंतीला टेकून उभा होता. शारदाबाई तिथंच थांबल्या. खपली आली कुठून, ते पुढे बोलल्या नाहीत. त्यांनी प्रशिककडे पाहिलं. प्रशिक जमिनीकडे पाहत होता.

सुशीलनं भोकाच्या कडेवर स्वतः बोट फिरवलं, विटेवर फिरवलं, दोनदा पाहिलं. "मान गया," तो म्हणाला. "ईंट बाद में रखी गई है. देवीदास काका का कथन सत्य है." तो लिहू लागला आणि थांबला. "लेकिन शिकायत खारिज करनी है तो लिखना पड़ेगा कि रखी किसने. नहीं तो ऊपर से पूछेंगे."

"अज्ञात इसम लिही," शारदाबाई म्हणाल्या.

"अज्ञात नहीं चलेगा. दशहरे में चाबी किसके पास थी?"

सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. श्यामराव पांढराफटक पडला. "साहेब, मी कोंबड्यायले दाने टाकले फक्त," तो म्हणाला.

"चूने का धंधा इनका, चाबी इनके पास, रोड का फ़ायदा भी इनको." सुशीलनं नाव लिहायला घेतलं. "थाने में रिपोर्ट भी करनी होगी."

शारदाबाईंच्या ओठांवर नाव आलं होतं. समोर सरलावहिनी होत्या, मनगट दुसऱ्या हातात धरून. एक वाक्य पुरलं असतं, आणि चौतीस वर्षं साहेबांना न भिणारी ही बाई ते वाक्य बोलू शकेना. स्वतःचा एवढा संताप त्यांना कधी आला नव्हता.

"खोड ते नाव," देवीदासभाऊ म्हणाले.

ते खाटेवरून उठले. "बाई, तुम्ही अर्ध्यावर काहून थांबल्या? मी मिस्त्री आहे, मले समजते. बिनधुराच्या खोल्या दोन. समोरची साऱ्याले दिसते. मधलीले कुलूप राहते, आन त्याची चावी श्यामरावजवळ कधी नव्हती." त्यांनी कुणाकडेच पाहिलं नाही. "लिहा. प्रशिक."

सरलावहिनींनी पदर तोंडात धरला. प्रशिक दोन पावलं पुढे आला. "हव, बाबा," तो म्हणाला. "म्याच ठेवली."

सुशीलचं पेन तसंच राहिलं. "काका, आपका बेटा है. सोच लीजिए. मैं कुछ और लिख देता हूँ."

"काय लिहिशीन? असत्य?"

सुशील ओशाळला. त्यानं श्यामरावचं नाव खोडलं. "ठीक है. पर सिर्फ़ प्रशिक नहीं चलेगा. पूरा नाम लगेगा."

देवीदासभाऊंनी एकदा भिंतीकडे पाहिलं आणि सावकाश, शब्द तोडून सांगितलं.

"प्रशिक. देवीदास. गजभिये."

सुशीलनं पहिला शब्द लिहिला आणि तिसऱ्याकडे वळला.

"मधलं गाळू नोको," देवीदासभाऊ म्हणाले. "पोट्टा माह्याच आहे."

सुशीलनं तीनही शब्द लिहिले. देवीदासभाऊंनी कागद मागून घेतला, चष्मा लावून पूर्ण वाचला आणि सही करायला पेन मागितलं.